आवाज कमी, सूर तोच : व्हॉल्व्ह अँप्लिफायरचे घरगुती काम

शिवाजी पेठेत निवृत्ती चौकातून उभ्या मारुतीकडे जाताना आजूबाजूची जुनी घरे पाहावीत. घराला घर चिकटलेले, दोघांत मिळून भिंत एकच, वर लाकडी तक्तपोशी, आणि खिडकी उघडली की समोरच्या स्वयंपाकघरातली फोडणी आपल्या घरात. समजा, अशा घरातला एखादा कॉलेजचा मुलगा इलेक्ट्रिक गिटार शिकतो. पुढे त्याला व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरचे वेड लागते. पैसे साठवून तो २० वॉटचा अँप्लिफायर आणतो आणि पहिल्याच संध्याकाळी शेजारच्या काकी दारात उभ्या राहतात. मग तो आवाजाचे बटण एकवर आणतो. काकी शांत होतात, पण ज्या सुरासाठी एवढा खर्च केला तो सूरही निघून जातो. पातळ, कोरडा, बातम्या सांगणाऱ्या रेडिओसारखा आवाज तेवढा उरतो.

हा एका पोराच्या हौसेचा प्रश्न आहे, व्यापाराच्या पानावर त्याचे काय काम, असे काही वाचक विचारतील. आमच्या मते हा रोजीचा प्रश्न आहे. व्हॉल्व्हचे काम जाणणारे हात आपल्या समाजात पुष्कळ होते. लग्नाच्या मांडवात, उरुसात, कव्वालीच्या मैफलीत कर्णे बांधणारे, व्हॉल्व्ह तापेपर्यंत दोन मिनिटे थांबून मग 'हॅलो, हॅलो' म्हणणारे लाउडस्पीकरवाले आणि रेडिओचे मिस्त्री यांची एक पिढीच होऊन गेली. ट्रान्झिस्टर आला, मग आयसी आली, आणि ते ज्ञान माळ्यावर गेले. आज त्याच ज्ञानाला नवे गिऱ्हाईक आले आहे. हे गिऱ्हाईक संख्येने थोडे, पण चोखंदळ आहे. त्याचे यंत्र महागाचे असते, बिघडले तर ते फेकून देत नाही, आणि दुरुस्तीसाठी पुण्या-मुंबईला पार्सल करते. ते पार्सल गावातच का उघडू नये, हा आमचा सवाल आहे.

हुनर एका कामातून दुसऱ्या कामात नेण्याचे उदाहरण लांब शोधायला नको. इथून सुमारे ५० किलोमीटरवर मिरज आहे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचे काम घटू लागले तेव्हा तिथल्या शिकलगार घराण्यांनी तंबोरा-सतारीच्या दुरुस्तीत हात घातला. फरीदसाहेब सतारमेकर यांचे नाव त्या संदर्भात आजही घेतले जाते. दुरुस्तीतून नवी वाद्ये घडवणे आले, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. व्हॉल्व्हच्या कामाला कोणी मानांकन देणार नाही. पण दुकानाचे भाडे निघेल इतके काम त्यात आहे, एवढे आम्ही खात्रीने म्हणतो.

कोल्हापूरला व्हॉल्व्ह परका नाही. १९३२ साली प्रभात कंपनीने याच गावात 'अयोध्येचा राजा' हा बोलपट तयार केला, तेव्हाचे ध्वनीचे सगळे काम व्हॉल्व्हवरच चाले. पुढे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह देशात बनवायला घेतले आणि परदेशी मालावरचे अवलंबन बरेच कमी झाले. तो कारखाना ते काम करीनासा होऊन जमाना झाला. जुन्या मिस्त्रींच्या डब्यात कोऱ्या खोक्यांतले 'बीईएल'चे ईएल ८४ किंवा ईसीसी ८३ पडून असतील तर ते भंगारात देऊ नयेत. परदेशांतले गिटारवाले ते शोधत असतात.

सूर नेमका कुठे तयार होतो?

मिस्त्री बांधवांनी प्रथम एक गोष्ट मनातून काढावी. ध्वनिक्षेपणाच्या कामात आवाज फाटणे हा दोष असतो. गिटारवाल्याला तोच हवा असतो. अर्थात कसाही फाटलेला नव्हे. व्हॉल्व्हला त्याच्या क्षमतेच्या कडेपर्यंत नेले की तो लहरीचा माथा एकदम कापत नाही, हळूहळू दाबतो, आणि त्यातून सुराला एक दाटपणा येतो. हलके छेडले तर स्वच्छ, जोरात छेडले तर खरखरीत, असा बोटाला उत्तर देणारा तो आवाज असतो. कंपन्यांनी १९६० च्या आसपास हे अँप्लिफायर बनवले ते मोठ्या हॉलसाठी. इंग्लंडचा व्हॉक्स एसी ३० घ्या, त्यात चार ईएल ८४ आणि ३० वॉट. त्या काळी गिटारचा आवाज मागच्या खुर्चीपर्यंत त्या पेटीनेच न्यायचा होता. ती पेटी आज दहा बाय बाराच्या खोलीत आली, आणि सगळा घोळ तिथे झाला.

दाटपणा एकाच जागी तयार होत नाही, हे या कामाचे मर्म आहे. पहिली जागा पुढच्या छोट्या व्हॉल्व्हची, म्हणजे बहुतेक ठिकाणी ईसीसी ८३ ची. त्याचेच दुसरे नाव १२ एएक्स ७. दुसरी जागा मागच्या पॉवर व्हॉल्व्हची आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरची. तिसरी जागा पॉवर सप्लायची. जोराचा स्वर आला की हाय टेन्शनचा व्होल्टेज क्षणभर बसतो आणि पुन्हा उठतो, त्याने स्वराला लवचिकपणा येतो. चौथी जागा स्पीकरच्या कागदी कोनची. तोही जोरात हलला की स्वतःचा रंग मिसळतो. आणि पाचवी जागा अँप्लिफायरमध्ये नाहीच, ती ऐकणाऱ्याच्या कानात आहे.

या पाचव्या जागेबद्दल थोडे जास्त बोलावे लागेल, कारण बहुतेक भांडणे इथेच होतात. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतले फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले की आवाज लहान झाला की माणसाच्या कानाला खर्जाचे स्वर प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतात, आणि टिपेच्या टोकाचेही थोडे कमी. म्हणजे यंत्राने काहीही बदल केला नाही तरी नुसता आवाज उतरवल्याने सूर पातळ वाटणारच. गिऱ्हाईक म्हणते, "मिस्त्री, तुमच्या पेटीने टोन खाल्ला." त्यातला निम्मा टोन त्याच्या कानानेच खाल्लेला असतो. त्यावर इलाज साधा आहे, बेसचे बटण थोडे वर आणि ट्रेबल किंचित वर. हे गिऱ्हाइकाला काम करण्याआधी समजावून सांगावे. काम झाल्यावर सांगितले तर सबब वाटते.

थोडा हिशेब

आता आकडे पाहू. गिटारच्या बारा इंची स्पीकरची संवेदनशीलता साधारण ९७ ते १०० डेसिबल असते. याचा अर्थ, एक वॉट दिला तर एक मीटरवर ९७ डेसिबल आवाज. २० वॉट दिले तर त्यात १३ ची भर, म्हणजे ११० डेसिबल. माणसे समोरासमोर बोलतात तो आवाज ६० च्या आसपास असतो. डेसिबलचा हिशेब बेरजेचा दिसला तरी आत गुणाकाराचा आहे. शक्ती निम्मी केली तर फक्त ३ डेसिबल कमी होतात, आणि कानाला आवाज निम्मा वाटायला १० डेसिबल, म्हणजे शक्तीचा दहावा हिस्सा करावा लागतो. यावरून ध्यानात येईल की '२० वॉटचा मोठा पडतो, १० वॉटचा घेतो' असे म्हणणारा गिऱ्हाईक पैसे घालवतो. फरक जेमतेम कळतो. एक वॉटचाही अँप्लिफायर पूर्ण उघडला तर पेठेतल्या खोलीला भारीच होतो.

कायदा काय म्हणतो तेही पाहावे. ध्वनी प्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. खाजगी जागेतल्या वाद्याचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलच्या वर जाता कामा नये. ज्या गावात 'डॉल्बी' या शब्दाचा अर्थच भिंती हलवणारा आवाज असा झाला आहे, तिथे हे वाचून कोणी हसेल. पण मिरवणूक वर्षातून काही दिवस असते, शेजारी बाराही महिने असतो.

नऊ इंची विटांची, नीट गिलावा केलेली भिंत साधारण ४५ डेसिबल अडवते. खोलीत ११० असेल तर पलीकडे ६५ जाईल, म्हणजे रात्रीच्या मर्यादेच्या कितीतरी वर. खोलीत ७५ ठेवला तर पलीकडे ३० उरतो, आणि तो पंख्याच्या आवाजात बुडून जातो. तेव्हा आपले लक्ष्य ७५. यासाठी ३५ डेसिबल उतरवायचे आहेत, म्हणजे २० वॉटचे सुमारे ६ मिलिवॉट करायचे. खर्जाचे स्वर भिंत कमी अडवते आणि उघडी खिडकी काहीच अडवत नाही, हे मात्र या हिशेबाच्या बाहेरचे आहे.

एवढा मोठा उतार एकाच जागी केला तर सूर मरतो. थोडा थोडा करून तीन-चार जागी केला तर बराचसा जगतो. आमचे सांगणे एवढेच आहे, आणि पुढचे सगळे त्याचा खुलासा आहे.

मास्टर व्हॉल्यूम हा सर्वांत स्वस्त उपाय. पुढचे छोटे व्हॉल्व्ह पूर्ण चालवायचे आणि पॉवर व्हॉल्व्हच्या आधी सिग्नल कमी करायचा. बऱ्याच नव्या अँप्लिफायरमध्ये हे बटण असतेच. जुन्यात फेज स्प्लिटरनंतर जोडीचा पॉट बसवता येतो. पहिल्या जागेचा सूर मिळतो, बाकीच्या तीन जागा झोपून राहतात. काही वादकांना एवढे पुरते. ज्यांना पुरत नाही ते ॲटेन्युएटर मागतात.

ॲटेन्युएटर : शक्ती गिळणारी पेटी

ॲटेन्युएटर अँप्लिफायर आणि स्पीकर यांच्या मध्ये बसतो. अँप्लिफायर पूर्ण जोरात चालतो, पण निघालेली बहुतेक शक्ती पेटीतल्या रेझिस्टन्समध्ये उष्णता होऊन जाते आणि स्पीकरला थोडीच मिळते. अमेरिकेतल्या 'बोस्टन' या वाद्यवृंदाचा गिटारवादक टॉम शोल्झ हा मुळात शिकलेला इंजिनिअर. त्याने १९८० च्या सुमारास 'पॉवर सोक' नावाची अशी पेटी बाजारात आणली, तेव्हापासून हा प्रकार सर्वत्र माहीत झाला.

साधी पेटी दोन रेझिस्टन्सची. आठ ओहमच्या स्पीकरसाठी ६ डेसिबल उतरवायचे असतील तर ४ ओहम सिरीजमध्ये आणि ८ ओहम स्पीकरला पॅरलल. पडताळून पाहा. ८ आणि ८ पॅरलल म्हणजे ४, त्यात सिरीजचे ४ मिळवले की अँप्लिफायरला पुन्हा ८ ओहमच दिसतात. १२ डेसिबलसाठी ६ ओहम सिरीज आणि २.६७ ओहम पॅरलल. २० वॉटचा अँप्लिफायर असेल तर या दुसऱ्या जोडणीत ६ ओहमवाला रेझिस्टन्स १५ वॉट खातो, पॅरललवाला पावणेचार वॉट, आणि स्पीकरला सव्वा वॉट मिळतो. १५ वॉट खातो म्हणून १५ वॉटचा रेझिस्टन्स लावणाऱ्या मिस्त्रीने दुकानात पाण्याची बादली ठेवावी. व्हॉल्व्ह फाटेपर्यंत चालवले की २० वॉटचे यंत्र ३० वॉटपर्यंतही देते. निदान तिप्पट क्षमतेचा, ॲल्युमिनियमच्या कवचातला वायरवाऊंड रेझिस्टन्स घ्यावा आणि जाड पत्र्यावर उष्णता जाईल असा आवळून बसवावा. पेटीला भोके ठेवावीत.

ही साधी पेटी चालते, पण तिची एक खोड आहे. स्पीकरवर ८ ओहम लिहिलेले असले तरी तो सर्व स्वरांना ८ ओहम नसतो. खर्जात, साधारण ७५ ते १०० हर्ट्झच्या दरम्यान, त्याचा रोध कित्येक पटींनी वाढतो, आणि टिपेकडे कॉइलमुळे तो पुन्हा चढत जातो. व्हॉल्व्हचा अँप्लिफायर या चढ-उताराप्रमाणे आपला आवाज बदलतो, म्हणूनच खर्जाला ठोसा आणि टिपेला चमक येते. मध्ये सरळ रेझिस्टन्स घातला की अँप्लिफायरला सपाट रस्ता दिसतो आणि तो ठोसा व ती चमक दोन्ही मंदावतात. गिऱ्हाईक म्हणते आवाजावर गोधडी टाकल्यासारखे वाटते, ते हेच.

यावर उपाय म्हणजे रेझिस्टन्सच्या जोडीला कॉइल आणि कंडेन्सर घालून स्पीकरची नक्कल करणारी पेटी. टिपेसाठी अर्धा ते एक मिलिहेन्रीची कॉइल सिरीजमध्ये, आणि खर्जासाठी कॉइल व कंडेन्सर यांची पॅरलल जोडी, जी स्पीकरच्या खर्जाच्या जागी सूर धरेल. टिपेच्या कॉइलमध्ये लोखंडी गाभा नको, हवेची कॉइल हवी, जाड एनॅमल तारेची. इथे आमचे वाइंडर बांधव पुढे यावेत. मोटारी रिवाइंड करणाऱ्या हाताला अशी कॉइल म्हणजे अर्ध्या तासाचे काम. कोल्हापुरात उद्यमनगरात पत्रा वाकवून देणारे, भोके पाडून देणारे आहेत. विदेशी बनावटीची अशी पेटी घ्यायची तर विद्यार्थ्याला परवडत नाही. गावात बनलेली, नीट मापून दिलेली पेटी त्याला परवडेल.

एक मर्यादा मात्र सांगून ठेवावी. १२ ते १५ डेसिबलपर्यंत चांगली पेटी सूर सांभाळते. त्यापुढे स्पीकरचा कोन हलेनासा होतो, कान आपले खर्ज गमावतो, आणि कितीही महाग पेटी असली तरी फरक पडत नाही.

म्हणून पेठेतल्या घरासाठी आम्ही असा हिशेब सुचवू. यंत्र मुळातच ५ वॉटचे, एका ६ व्ही ६ किंवा एका ईएल ८४ चे. अमेरिकेचा फेंडर चॅम्प हा एका ६ व्ही ६ वर चालणारा अँप्लिफायर या जातीचा. बारा इंची स्पीकरवर तो १०४ डेसिबल देईल. त्याऐवजी ९० डेसिबलचा आठ इंची स्पीकर लावला की ९७. त्यापुढे १२ डेसिबलचा ॲटेन्युएटर घातला की ८५. उरलेले १० मास्टर व्हॉल्यूमने उतरवायचे. व्हॉल्व्ह थोडे तरी तापलेले राहतात, स्पीकर थोडा तरी हलतो, आणि ७५ वर सूर ओळखीचा वाटतो. स्पीकर गिटारचाच घ्यावा. घरच्या स्टीरिओचा लावला तर तो टिपेचे सगळे किरकिर स्वर बाहेर सोडतो आणि माशी गुणगुणावी तसा आवाज येतो.

अँप्लिफायर ठेवायचा कसा, हेही गिऱ्हाइकाला सांगावे. तक्तपोशीवर ठेवला तर लाकूड वाजते आणि खालच्या मजल्यावर ढोल ऐकू येतो. खाली जाड रबर घालावे. सामाईक भिंतीला पाठ लावून ठेवू नये. घरातली वाकळ भिंतीवर टांगली तर खोलीतला घुमारा कमी होतो आणि वादकाला स्वतःचा सूर स्वच्छ ऐकू येतो. तिने पलीकडे जाणारा खर्ज मात्र थांबत नाही, तसा कोणी दावा केला तर विश्वास ठेवू नये. रात्री दहानंतर हेडफोनच बरा. त्यासाठी अँप्लिफायरला पूर्ण लोड देणारी आणि स्पीकरची नक्कल करून हेडफोनला आवाज देणारी यंत्रे मिळतात, त्यांचा तपशील इथे देत नाही.

जिथे जीव जाऊ शकतो

ट्रान्झिस्टरवर शिकलेल्या मिस्त्रीने इथे थांबून दोनदा वाचावे. ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर स्पीकर न जोडता चालवला तर बहुधा काही होत नाही, वायर शॉर्ट झाली तर जळतो. व्हॉल्व्हचे उलटे आहे. स्पीकर किंवा लोड न लावता जोरात चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत प्रचंड व्होल्टेज उसळतो, व्हॉल्व्हच्या बेसमध्ये ठिणगी पडते किंवा ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन फुटते. तेव्हा ॲटेन्युएटरमध्ये असा स्विच कधीही लावू नये की जो एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जाताना क्षणभर लोड तोडेल. सोल्डरिंग पक्के हवे, सॉकेट ढिले नको. एका ढिल्या जॅकने ट्रान्सफॉर्मर गेला तर मिस्त्रीची महिन्याची कमाई त्यात जाते, आणि नाव जाते ते वेगळेच.

या यंत्रांत हाय टेन्शन २५० ते ४५० व्होल्टपर्यंत असते, आणि मोठे कंडेन्सर बटण बंद केल्यावरही तो धरून ठेवतात. प्लग काढावा, ५-१० वॉटचा १० किलोओहमचा रेझिस्टन्स इन्सुलेटेड क्लिपने कंडेन्सरवर काही सेकंद धरावा, मीटरने पाहावे, मगच हात घालावा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडण्याची जुनी सवय सोडावी. जुन्या यंत्राला दोन पिनांची वायर असेल तर आधी तीन पिनांची लावून चॅसिसला अर्थ द्यावा. गिटारवाल्याचे हात तारांवर असतात, आणि तारा चॅसिसला जोडलेल्या असतात. हे विसरून चालणार नाही.

याच कारणासाठी जुन्या रेडिओविषयी खास इशारा. माळ्यावरचा व्हॉल्व्ह रेडिओ काढून त्याचा छोटा गिटार अँप्लिफायर करावा, ही कल्पना चांगली आहे. पण आपल्याकडे एसी-डीसी जातीचे सेट पुष्कळ होते. त्यांत मेन्सचा ट्रान्सफॉर्मर नसतो, आणि चॅसिस सरळ विजेच्या तारेला जोडलेली असते. व्हॉल्व्हचे नंबर 'यू' अक्षराने सुरू होत असतील, जसे यूएल ८४, तर तो सेट याच जातीचा समजावा. लाकडी पेटी आणि प्लास्टिकची बटणे होती म्हणून ऐकणारा वाचायचा. त्याला गिटार जोडली तर तारेला हात लावताच माणूस जाऊ शकतो. असा सेट गिटारसाठी घेऊच नये. आणि चालू स्थितीतला, पेटी शाबूत असलेला जुना रेडिओ मोडूही नये. त्याला तसाच ठेवणारे गिऱ्हाईक निराळे आहे, आणि ते जास्त पैसे देते.

डिमरस्टॅट लावून मेन्सचा व्होल्टेज उतरवण्याची युक्तीही काही जण सांगतात. अमेरिकेतला एडी व्हॅन हेलन १९७० च्या दशकात असे करी, म्हणून तिला प्रतिष्ठा आली. तिच्यात अडचण अशी की हाय टेन्शनबरोबर व्हॉल्व्हचा ६.३ व्होल्टचा फिलामेंटही मंद होतो. दहा टक्क्यांच्या खाली तो नेला की कॅथोडचे आयुष्य घटते. फक्त हाय टेन्शन उतरवणारे वेगळे सर्किट बसवता येते आणि ते चांगले चालते. पण ते अनुभवी हाताचे काम आहे, शिकाऊ मुलाला देऊ नये.

व्हॉल्व्हच्या भावाबद्दल. गिटारसाठी लागणारे नवे व्हॉल्व्ह आज प्रामुख्याने स्लोव्हाकिया, रशिया आणि चीन या देशांत बनतात. मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यात रोखली तेव्हा जगभर भाव वर गेले आणि माल मिळेनासा झाला होता. मिस्त्रीने नेहमी लागणारे ईसीसी ८३ आणि ईएल ८४ यांच्या दोन-तीन जोड्या हाताशी ठेवाव्यात, जास्त साठा करून पैसा अडकवू नये. गिऱ्हाइकाला हेही सांगावे की ॲटेन्युएटर लावून रोज पूर्ण जोरात चालवले तर पॉवर व्हॉल्व्ह लवकर झिजतात. आवाज लहान येतो म्हणून यंत्र विश्रांती घेत आहे असे नसते. आत ते पूर्ण घाम गाळत असते.

पावतीवर काय लिहावे, याकडे आपले मिस्त्री फार दुर्लक्ष करतात. यंत्र आले तेव्हाचा आणि गेले तेव्हाचा हाय टेन्शन व्होल्टेज, प्रत्येक पॉवर व्हॉल्व्हचा प्लेट करंट, बदललेले कंडेन्सर, आणि पेटीवर लिहिलेला ओहमचा आकडा. ईएल ८४ ची प्लेट १२ वॉटची, ईएल ३४ ची २५ वॉटची. व्होल्टेज आणि करंट यांचा गुणाकार केला की व्हॉल्व्ह मर्यादेत आहे की नाही ते गिऱ्हाईकही पाहू शकते. तपासणीची फी वेगळी, मालाचे पैसे वेगळे, मजुरी वेगळी अशी लिहावी, आणि ॲटेन्युएटर स्वतः बनवून दिला असेल तर तो किती वॉटच्या अँप्लिफायरसाठी आहे हे पेटीच्या पाठीवर पक्क्या रंगाने लिहावे. २० वॉटसाठी केलेली पेटी मित्राच्या ५० वॉटच्या यंत्राला जोडली जाणारच, मुलेच ती. म्हणून आत एक थर्मल कटआउट बसवावासा वाटेल, पण तो लोड तोडतो, आणि लोड तुटला की काय होते ते वर सांगितले आहे. त्याऐवजी कटआउटने पेटीतला छोटा पंखा सुरू व्हावा किंवा लाल दिवा लागावा अशी जोडणी करावी.